फोटोत काही निघालं नाही

१२ जानेवारी

भिंगरी आज जिना आडवा उतरली. खेकड्यासारखी. दोन्ही हात कठड्याला, उजवा पाय आधी खाली, मग डावा त्याच्या शेजारी. मी बाजाराची पिशवी घेऊन खालून वर येत होतो. म्हटलं, ही कुठली नवी चाल?

"गुडघा दुखतो, आजोबा. आतून."

जेवताना विषय निघाला. मुलगा म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याचं पोर. दुखणारच." तो लिफ्ट दुरुस्त करतो. गावभरच्या लिफ्ट वरखाली करून घरी येतो आणि जिना चढतो. हा विनोद तो स्वतःच करतो, म्हणून आम्ही करत नाही.

सून म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, आधी मी बघतो. गुडघा सगळीकडून दाबून पाहिला. सूज नाही, हाताला गरम लागत नाही. पडलेली नाही, कुणी ढकललेलं नाही. नातीचं वय नऊ. या वयात हाडं कुरकुरतात. तसं सांगितलं. सुनेने माझ्यासमोरचं ताट उचललं. मी अजून जेवत होतो.

१५ जानेवारी

भिंगरीला घेऊन इस्पितळातल्या माझ्या जुन्या एक्स-रे खात्यात गेलो. निवृत्तीनंतर तिकडे पाऊल फारसं वळलं नव्हतं. जिथे उभं राहून मी आयुष्यभर फिल्म धुतल्या ती अंधारखोली आता झाडू आणि मोडक्या चाकांच्या खुर्च्यांना दिली आहे. औषधांचा तो वासही गेला. तिथे एक खिडकी होती, हे मला आज कळलं.

धाकटी खातेप्रमुख झाली आहे. आमच्याकडे आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. आता केस पिकले तरी धाकटीच.

"सर, नातीचा फोटो तुम्हीच घ्या. बटण तेवढं मी दाबते, नाहीतर नोकरी जाईल माझी."

मी भिंगरीला टेबलावर झोपवलं. पाय नीट मांडला. हात विसरत नाहीत. गुडघा पूर्ण टेकत नव्हता, खाली माझा पंजा जाईल एवढी फट राहत होती. "सरळ कर," म्हटलं. "एवढाच होतो," म्हणाली. चादरीची घडी करून फटीत सरकवली. पाय स्थिर झाला.

मग प्रत्येक मुलाला सांगायचो ते सांगितलं: "हलायचं नाही. या फोटोत सगळं दिसतं. कुणी खोटं बोलत असेल तर तेसुद्धा." हे वाक्य माझं स्वतःचं. रडणारी पोरं त्याने दगड होऊन पडायची. माझ्या हातची फिल्म सहसा वाया गेली नाही ती त्यामुळेच.

भिंगरीही दगड झाली. श्वास सोड म्हटल्यावरसुद्धा तिने सोडला नाही. पुन्हा सांगावं लागलं.

फोटो उत्तम आला. हाडांच्या टोकांशी वाढीच्या रेघा पेन्सिलीने काढल्यासारख्या. वाटी जागेवर. कुठे चीर नाही, खड्डा नाही.

"काही नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"एक चीरसुद्धा नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग मोठ्या माणसासारखं म्हणाली, "मग बरं आहे."

आता फिल्म देत नाहीत. मी धाकटीकडे हट्ट धरला, तिने काढून दिली. घरी येऊन खिडकीच्या काचेला लावली. संध्याकाळी सुनेला हात धरून दाखवली.

"हाड चांगलं आहे," ती म्हणाली.

"तेच सांगतोय."

"नाही, मी म्हणतेय की हाड चांगलं आहे."

दोन्हींत फरक काय, मला कळला नाही. ती नगरपालिकेत पाण्याच्या तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांशी बोलून तिला घरी सरळ बोलायचा कंटाळा येत असावा.

२० जानेवारी

भिंगरीने तेव्हापासून गुडघ्याचं नाव काढलेलं नाही. एक फोटो आणि दुखणं बंद. हे मी खात्यात कितीदा तरी पाहिलं आहे. माणसाला खात्री हवी असते. औषध नंतर.

सुनेला म्हटलं, "बघ, तक्रार थांबली."

"आमच्याकडेही थांबते," ती म्हणाली. "लोक कंटाळून टँकर मागवायला लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तक्रार थांबली म्हणून नळाला पाणी आलं असं नसतं, बाबा."

मुलगा मध्ये पडला. "दोघंही जेवा आता. इथे ना नळ आहे ना मशीन." त्याला भांडण सोसत नाही. लहानपणीही असाच. मी आणि त्याची आई जरा चढ्या आवाजात बोललो की हा खेळण्यातल्या गाड्या मोठ्याने चालवायचा.

२६ जानेवारी

भिंगरी हल्ली राणीसाहेब झाली आहे. खालच्या फळीवरचं काही हवं असलं की, "आजोबा, द्या ना." पूर्वी जमिनीवर पसरून चित्रं काढायची. आता टेबल लागतं. पेन्सिल पडली तर डावा पाय वाकवून, उजवा मागे लांब सोडून, बगळ्यासारखी उचलते. म्हटलं, नाच शिकतेस काय? म्हणाली, हो.

दुपारी तिने विचारलं, "आजोबा, फोटोत न दिसणारं काही असतं का?"

"असतं की. भूक."

हसली. मग म्हणाली, "म्हणजे भूक खोटी असते?"

"तुझी तर नेहमीच खोटी. ताटात निम्मं टाकतेस."

यावर हसली नाही. मुलांना कुठल्या विनोदाला हसू येईल सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी

शाळेतून निरोप. खेळाच्या तासाला भिंगरी बूट आणत नाही. प्रत्येक वेळी विसरले म्हणते. बाईंनी तिला भिंतीशी बसवून ठेवलं, तरी पुढच्या तासाला पुन्हा तेच.

मी बोललो तिला. विसराळूपणा ही सवय असते, रोग नसतो. सवय मोडता येते. ती मान खाली घालून ऐकत राहिली. "चुकलं, आजोबा. मी विसराळू आहे," म्हणाली. इतक्या सहज कबूल झाल्यावर पुढे बोलायला काही राहिलं नाही.

नंतर आठवलं, उद्या बाजारातून काय आणायचं ते सगळं तीच मला सांगते. मी लिहून घेत नाही. ती विसरत नाही.

७ फेब्रुवारी

काही विशेष नाही. काचेवरच्या फिल्मची एक कड उन्हाने वळली आहे.

१० फेब्रुवारी

शाळेची वेळ झाली, भिंगरी खाली गेली होती. जिन्यात तिची पावलं मध्येच थांबली ती थांबलीच. मी बाहेर आलो. ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलेली. उजवा पाय अर्धा वाकलेला, दोन्ही हात पोटरीला.

"काय झालं?"

"काही नाही. बुटाची नाडी बांधतेय."

चेहरा पांढरा होता. मी शेजारी बसलो. पाय सरळ कर म्हटलं. ती दात आवळून हसली. पाय तसाच. मी हळूच टाच धरून ओढली तर तिने माझं मनगट धरलं. नखं रुतली. मग आत कट् असं वाजलं आणि पाय सुटला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू आवाज मी केला.

"आता बांधली नाडी," ती म्हणाली.

तिचे बूट पट्ट्याचे आहेत. त्यांना नाडी नाही.

हे मी सुनेला सांगितलं. नाडीचंही सांगितलं. "उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली. "मी विचारत नाहीये, बाबा. सांगतेय."

११ फेब्रुवारी

डॉक्टर तरुण आहेत. मुलांचीच हाडं बघतात. हात गार, ते आधी एकमेकांवर घासून मग गुडघ्याला लावतात. मला आवडलं.

सुनेने जिन्यातलं सांगितलं. डॉक्टरांनी भिंगरीला विचारलं, "इथे दुखतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही."

"इथे?"

माझ्याकडे पाहिलं. "नाही."

"काल जिन्यात काय झालं होतं?"

"मुंग्या आल्या होत्या."

"बरं. उकिडवी बसून दाखव बघू."

ती बसली. पूर्ण, टाचा टेकवून. वर हसतही होती. ओठांवर घामाचे थेंब होते. खोलीत उकडत होतं.

"घाम बघा तिचा," सून म्हणाली.

डॉक्टरांनी मी नेलेली फिल्म दिव्यासमोर धरली. "फोटो छान आहे. कुणी घेतला?" मी म्हटलं, मी. "मुलीला दुखत नाही, फोटो स्वच्छ आहे. थोडं थांबून बघू. पुन्हा अडकला तर या."

घरी येताना सून पुढे चालत होती. मी आणि भिंगरी मागे. भिंगरीने माझा हात धरला होता. "तुमचा फोटो छान आहे म्हणाले ना, आजोबा?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मला बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू. पण खोलीत मी कोट घातलेला होता आणि मला घाम आला नव्हता, हे घरी येऊन कोट काढताना लक्षात आलं.

१४ फेब्रुवारी

हे जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

खालच्या मजल्यावरची छोटी खेळायला आली होती. चार वर्षांची. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. बाहेरच्या खोलीतून भिंगरीचा आवाज आला, "हलायचं नाही. या फोटोत सगळं दिसतं. कुणी खोटं बोलत असेल तर तेसुद्धा." माझंच वाक्य, माझ्याच चालीत. मला हसू आलं. दारातून डोकावलो. छोटी कपाटाला पाठ लावून उभी, भिंगरीने तिच्या पोटासमोर पुठ्ठा धरलेला.

"झाला फोटो. काही नाही निघालं."

छोटी म्हणाली, "पण माझं पोट दुखतंय." खेळातलं.

"नाही दुखत. फोटोत काही नाही निघालं ना? मग दुखायचं नाही आता."

"दुखतंय."

"अगं, हळू बोल! तू दुखतंय म्हणालीस तर आजोबा चुकले असं होईल. मग त्यांना वाईट वाटेल. जिन्यात दुखलं तर भिंतीकडे तोंड करायचं. मी दाखवते."

आणि तिने दाखवलं.

चहा उतू गेला. आवाजाने दोघी स्वयंपाकघरात आल्या. भिंगरीने फडकं घेतलं, ओटा पुसला, खाली सांडलेलं बगळ्यासारखी वाकून पुसलं. "तुम्ही ना, आजोबा, विसराळू झालात," म्हणाली.

१५ फेब्रुवारी

मला पहिल्यांदा तिचा राग आला. माझी दया करायला तिला कुणी सांगितलं? मग तो राग तिचा नाही हे कळलं. पण कुणाचा ते ठरेना. सकाळभर नुसता येरझारा घालत होतो.

धाकटीला फोन केला. फट राहत होती, मी चादर घातली, हे सांगितलं. ती म्हणाली, "सर, हाड सोडून आपल्याला काही दिसत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"शिकवलं होतं," मी म्हटलं.

माहीत नव्हतं असं नाही. नवीन पोरापोरींना पहिल्याच दिवशी शिकवायचो.

१६ फेब्रुवारी

शाळेतून आल्यावर भिंगरीला खिडकीपाशी बोलावलं. काचेवरची फिल्म काढून तिच्या हातात दिली. तिच्या उजव्या गुडघ्यावर एक व्रण आहे, सायकलवरून पडली होती त्याचा. पांढरा, तांदळाएवढा.

"हा व्रण फोटोत शोध."

तिने फिल्म उजेडाकडे धरली. उलटी केली. डोळ्यांजवळ नेली.

"नाहीये."

"गुडघ्यावर आहे का?"

"आहे."

"कातडी दिसते?"

"नाही."

"रक्त?"

"नाही." मग तिलाच नाद लागला. "केस पण नाहीत. आजोबा, तुमच्या फोटोत काहीच नाही!"

"फक्त हाडं आहेत."

ती पुन्हा फिल्म बघत बसली. शेवटी म्हणाली, "पण तुम्ही म्हणालात सगळं दिसतं."

"म्हणालो. ते बरोबर नव्हतं."

"सगळ्याच मुलांना म्हणायचात?"

"सगळ्याच मुलांना."

"बापरे," ती म्हणाली.

खिडकीखाली कुणीतरी भंगार विकत घेत होतं, लोखंडावर लोखंड पडत होतं. ते थांबल्यावर म्हणाली, "त्यांच्यातल्या कुणाकुणाचं दुखत असेल ना?"

"असेल."

"मग आता?"

माहीत नाही असं तिला सांगितलं.

तिने फिल्म टेबलावर ठेवली. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, थोडं आत, बोट ठेवलं. "इथे. पाय सरळ केला की काहीतरी चिमटतं. खूप खाली बसलं की पण. रोज नाही. ज्या दिवशी नसतं त्या दिवशी मला वाटतं की मी खरंच खोटं बोलत होते."

"डॉक्टरांना हे असंच सांगशील?"

"तुम्ही बाहेर बसाल?"

बसेन म्हटलं.

१८ फेब्रुवारी

मी बाहेर बसलो. समोर भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं. कुणा पोराने त्याला पेनाने मिशा काढल्या होत्या.

आत बराच वेळ गेला. सून बाहेर आली ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "अर्ध्यातच थांबली बसताना," म्हणाली. "सरळही होत नाही पूर्ण. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी हिने आपल्याला फसवलं. एमआरआय करायला सांगितलाय." थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, तिला काय दाखवलंत तुम्ही?"

"फोटो."

"तोच?"

"तोच."

२३ फेब्रुवारी

एमआरआयच्या खोलीबाहेर जमिनीवर लाल पट्टा आहे. माझ्या छातीत पेसमेकर असल्याने मला त्याच्या पुढे जाता येत नाही. सून आत गेली. मी पट्ट्याच्या अलीकडे. धाकटीने मला एक स्टूल दिलं. मशीन हातोडे मारत होतं. आमच्या मशीनचा आवाज म्हणजे जीभ टाळूला लावून सोडावी एवढा असायचा. हलू नकोस असं धाकटी बाहेरून, आत ऐकू जाणाऱ्या माईकवर सांगत होती. "मोठा आवाज येईल, कंटाळा येईल, हललीस तर आपण पुन्हा घेऊ," असं म्हणाली. बस्स. पुन्हा घेऊ म्हणाली आणि पोरगी हलली नाही.

तपासून सांगणारे डॉक्टर वेगळे, निकाल उद्या. पण धाकटीने मला पट्ट्याच्या अलीकडच्या पडद्याशी बोलावलं. "तुम्हाला नाही सांगितलं तर पाप लागेल मला."

गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड नडगीच्या हाडाला बांधून ठेवणारा जो पट्टा असतो, त्याच्या पुढे काहीतरी पांढरं. राजम्याच्या दाण्याएवढं. कड स्वच्छ, आत पाण्यासारखं.

एवढं ठळक. कुणालाही दिसेल असं. मी स्टुलावर येऊन बसलो.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याच्या आत गाठ आहे." गाठ म्हटल्याबरोबर सुनेने टेबलाची कड धरली. डॉक्टरांनी ते पाहिलं. "थांबा, माझा शब्द चुकला. पिशवी म्हणा. घट्ट, चिकट पाण्याने भरलेली छोटी पिशवी. गँगलियन सिस्ट. मनगटावर येते ना लोकांच्या, तसलीच. फक्त नको त्या जागी. कॅन्सर नाही, तो प्रकार नाही."

मुलांच्या गुडघ्यात ती फार क्वचित सापडते. पाय सरळ केला की ती दोन हाडांच्या मध्ये चिमटते, म्हणून अडकतो. कधी फुगते, कधी बसते, म्हणून रोज दुखत नाही. "त्यामुळे या मुलांवर पटकन कुणाचा विश्वास बसत नाही," डॉक्टर म्हणाले. "मीही पहिल्यांदा घरीच पाठवली ना."

पट्टा शाबूत आहे. त्रास नसता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पण पाय अडकतोय, तर काढून टाकू. दोन छोटी भोकं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार.

भिंगरीने विचारलं, "कॅमेरा? आत? मग त्यात सगळं दिसेल?"

डॉक्टर म्हणाले, "त्यात गुडघ्याच्या आतलं दिसेल. सगळं नाही."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

संध्याकाळी सून स्वयंपाकघरात एकटी उभी होती. नळ सोडलेला, हाताखाली भांडं नाही. मी म्हटलं, "जानेवारीतच तुझं ऐकायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. नळ बंद केला. "पण मीही कुठे ओरडले? मलाही वाटलं, घरात एवढा जाणता माणूस आहे."

टोमणा होता की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. विचारलं नाही.

६ मार्च

आज काढली.

मुलगा सकाळपासून बोलत होता. लिफ्टचे किस्से, एकामागून एक. नातीला आत नेल्यावर एकदम गप्प झाला. माझ्या शेजारी बसून त्याने माझ्या कोटाचं सैल बटण फिरवायला सुरुवात केली. शेवटी ते त्याच्या हातात आलं. दोघंही त्या बटणाकडे बघत बसलो.

डॉक्टर बाहेर आले. निघाली, पूर्ण निघाली. कॅमेऱ्याने घेतलेलं चित्र मुलाला दाखवलं. मुलाने माझ्याकडे सरकवलं. पिवळसर, द्राक्षासारखं काहीतरी, गुलाबी भिंतीला टेकलेलं. मला त्यातलं काही वाचता येत नाही. मी तसं म्हटलं आणि परत दिलं.

शुद्धीवर आल्यावर भिंगरीचं पहिलं वाक्य: "घसा दुखतोय." दुसरं: "उशी घाण आहे."

१३ मार्च

तपासणीत साधीच पिशवी निघाली. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, परत उद्भवायची शक्यता कमी, पण नसते असं नाही. दुखलं, अडकलं, तर लपवायचं नाही. हे भिंगरीकडे बघून म्हणाले. भिंगरीने माझ्याकडे बोट दाखवलं, "यांना सांगा."

२२ मार्च

व्यायाम शिकवायला एक बाई येतात. भिंगरी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली घेते आणि गुडघा खाली दाबते. आरडाओरडा करते. बाई म्हणाल्या, "शहाणी मुलगी आहे ना तू? शहाण्या मुली ओरडत नाहीत."

मी म्हटलं, "ओरडू द्या."

"आजोबा, लाड करू नका, गुडघा आखडेल."

"व्यायाम करू दे. आणि ओरडूही दे."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "आमच्याकडे आता असंच आहे."

भिंगरी हल्ली सगळ्याचीच तक्रार करते. चादर टोचते. दूध गार आहे. मी वाचून दाखवतो ते कंटाळवाणं आहे, शिवाय माझा आवाज झोप आल्यासारखा आहे. मुलगा म्हणतो, बाबा, एका पिशवीच्या जागी डॉक्टरांनी दुसरं काहीतरी भरलेलं दिसतंय.

८ एप्रिल

आज ती पुन्हा शाळेत गेली. सोडायला मी गेलो. पाय सरळ पडत होता. मी मागून बघत चाललो, मग तिने शेजारून चालायला सांगितलं.

शिंप्याच्या दुकानाशी ती थांबली. "थांबा, आजोबा. दुखतंय."

मी थांबलो. तिचं दप्तर घेतलं. दुकानाच्या पायरीवर बस म्हटलं. ती बसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत होती. शिंपी दार उघडत होता, त्याने काय झालं विचारलं. मी म्हटलं, "दुखतंय तिला."

"नाही दुखत," भिंगरी म्हणाली. "गंमत केली."

चालायला लागलो. ब्रेडच्या दुकानापुढे रांग होती, ती ओलांडली. कोपऱ्यावर पुन्हा, "थांबा. दुखतंय."

पुन्हा थांबलो. शाळेची घंटा इथून ऐकू येते. ती वाजायची वेळ झाली होती. मुलं धावत आमच्या बाजूने जात होती. ती हाताची घडी घालून उभी. मी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. बघून काही कळण्यासारखं नव्हतं.

"खूप?" मी विचारलं.

तिने विचार केल्यासारखं केलं. "नाही. आत्ता पण नाही दुखत."

"बरं."

"तुम्हाला राग आला?"

"नाही."

"मग थांबलात कशाला? एकदा खोटं निघालं होतं ना."

"तू दुखतंय म्हणालीस," मी म्हटलं.

घंटा वाजली. आम्ही निघालो. फाटकाच्या थोडं अलीकडे तिने तिसऱ्यांदा थांबवलं. तेव्हाही काही नव्हतं. उशीर झाला म्हणून फाटकावरच्या शिपायाने दोघांनाही बोल लावले. मला शाळेत उशीर झाल्याबद्दल कुणी बोलून फार वर्षं झाली होती. भिंगरी मात्र खुशीत आत गेली. मागे वळून हातही केला.

मुलांच्या खेळाला अर्थ असतोच असं नाही. उद्या घरातून थोडं लवकर निघायला हवं.